कुलूप आणि ओलं धोतर

तुमचंच खरं, असं मी अजून म्हणत नाही, अण्णा. पण कुलूप लावलं आणि चोर आला, ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. सगळ्या गल्लीत त्याला आपलंच दार दिसलं. तुम्ही असता तर माझ्याकडं नुसतं बघून बिडी पेटवली असती आणि मला आणखी राग आला असता.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. कुलूप म्हणजे घर रिकामं असल्याची दवंडी. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत गावात ज्यांनी कुलपं घालून पळ काढला त्यांचीच घरं आधी फुटली, नुसती कडी लावलेली राहिली, हे लई वेळा सांगितलंत. म्हणून आपण सगळे लग्नाला निघालो की तुम्ही तुमचं धोतर बादलीत बुचकळायचात आणि दारापुढच्या दोरीवर न पिळताच टाकायचात. पाणी गळतंय म्हणजे गडी घरात आहे. लहानपणी मी शहागंजातून एक जुनं कुलूप आणलं, तर तुम्ही आडतीवरून आलेले, मिशांवर ज्वारीचा भुसा, पाय धुताय आणि मला बोलताय, "आपल्या घरात हाय काय? कुलूप लावलं की लोकास्नी वाटंल, कायतरी हाय."

तुम्ही गेल्यावरही आई तेच करत राहिली. बाजारात जायचं, दवाखान्यात जायचं, की तुमचं धोतर ओलं करून दोरीवर. मेलेल्या माणसाचं धोतर. लोक बघायचे, मला लाज वाटायची. दिवाळीला सुरतेहून आलो तेव्हा गुलमंडीतून चांगलं पितळी कुलूप घेतलं, दाराला लावून दाखवलं आणि तिला म्हणलं, आता धोतराचं बस कर. तिनं ते घडी घालून पेटीत ठेवून दिलं.

मग ती मामाकडं पिशोरला गेली, पहिल्यांदाच कुलूप लावून. भर दुपारी कुणीतरी पहार घालून दार उचकटायला घेतलं. शेजारच्या चाचीनं परात बडवून गल्ली गोळा केली, तेव्हा पळाला. कळल्यावर आई पिशोरहून, मी सुरतेहून आलो तर कुलूप जसंच्या तसं आणि कडी लोंबकळलेली. हवालदार पंचनामा करून मला शिकवत होता. "कुलूप एवढं आन् कडी दोन स्क्रूवर. हत्ती सुतळीला बांधला राव तुम्ही. आरपार बोल्ट टाका. मागच्या खिडकीला गज लावा. शेजाऱ्यांना सांगून जात जा."

"शेजारी मैंच थी ना," चाची म्हणाली. "कुलूप क्या चिल्लाया? मैं चिल्लाई. इसके बाप का धोतर था तब तक कोई नहीं आया."

हवालदाराला धोतराचं काही कळेना. आई त्याला सगळं सांगत बसली. मला वाटलं हा आता हसणार. तो हसला नाही. विचार करून म्हणाला, "ते बी चालू ठेवा."

आता बोला. कुलपानं चोर बोलावला का चाची येईस्तोवर कुलपानं अडवला? का दोन्ही? मी बोल्ट टाकले, गज बसवले, सगळं त्यानं सांगितलं तसं केलं. तरी आई आता बाहेरच पडत नाही. भाजीसुद्धा चाची आणून देते. "कुलूप लावलं तर चोराला कळतं," आई म्हणाली, "नाय लावलं तर तू रागावतो. त्यापरीस बसते घरात." मंगळवारचा अख्खा बाजार बोलत बोलत पालथा घालणारी बाई ती. सुरतेला चल म्हणलं तर म्हणते, घराकडं कोण बघंल? तिला मी कोंडलं का तुम्ही, मला समजत नाही.

चाची म्हणते, तूच ये परत. कापडाच्या कारखान्याचा शेठ म्हणतो, गेलास तर तुझा माग दुसऱ्याला देईन. शेठचं मी आईला सांगितलं, पण ते निमित्त आहे. माग इथं सुरतेत पन्नास मिळतील. मला तिथं आपल्या घरी दोन दिवसांच्या वर करमत नाही, अण्णा. आई घरात असली तरी नाही. हे तिला बोलता आलं नाही. मामाची धाकटी पोरगी शाळेसाठी तिच्याजवळ राहायला येतेय, म्हणजे आईला सोबत होईल, बाहेर पडता येईल. ठरवलं मामानं, मी नुसतं बरं म्हणलं. पोरीच्या जेवणाखाणाचं मी बघतो, असंही म्हणलं. हे लिहिलेलं कुठं टाकणार, राहील उशाखाली. पोस्टात उद्या आईच्या नावची मनीऑर्डर तेवढी जाईल, दीडशे रुपयांची.