चार मात्रा आधी

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (कंबरेत उसण भरल्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच जमला असता, पण कागदावरचा पूर्ण धरावा.) इकडे सगळे बरे आहेत, निदान शरीराने. तुमच्या मुलीकडून, म्हणजे आमच्या ताईकडून, असं समजलं की तुमच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि चष्मा दुसऱ्या दुकानातून केलात. सख्खा भाचा चष्म्याचं दुकान चालवत असताना! पण पाच वर्षं जो बोलत नाही त्याच्याकडे नंबर काढायला कोण जाईल, हे मला समजतं. त्या माणसाने दोन डोळ्यांतलं अंतर नीट मोजलंय का, तेवढं मात्र बघून घ्या. वाचताना हे पत्र तिरकं दिसलं तर दोष माझ्या अक्षराचा नाही.

पाच वर्षांपूर्वी ताईच्या मुलीच्या लग्नात जे झालं ते मला विसरायचं होतं, पण परवापासून दुसरं काही आठवतच नाही. जेवताना कुणीतरी पुलावरची धून लावली. (सिनेमात ती बाई मागे वळून न बघता पूल ओलांडते, तेव्हाची. ती रचणाऱ्या साहेबांचे आम्ही चाहते तिला नुसतं 'पूल' म्हणतो.) ती लागल्याबरोबर तुम्ही भरलं ताट सोडून उठलात. ती धून लागली की तुम्ही उठून जाता हे आम्ही लहानपणापासून पाहत होतो, आणि सिनेमाचं संगीत तुम्हाला कमी दर्जाचं वाटतं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मी मात्र त्या दिवशी भर पंगतीत म्हणालो, "जाऊ द्या हो, पाणीखात्यात जन्म गेलेल्या मामांना मीटरचा आवाज तेवढा कळतो." चाळीस माणसं हसली. तुम्ही हात धुऊन आलात आणि तेव्हापासून माझ्याशी बोलला नाहीत. मीही ताठ्यात राहिलो. साहेबांच्या बाबतीत मी तडजोड करत नाही, असं मी तेव्हा अभिमानाने सांगत असे.

आता आमचं मंडळ म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं लक्षात यायचं नाही. दर शनिवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत, फ्रेमांच्या खोक्यांमध्ये आम्ही नऊ जण बसतो आणि साहेबांच्या जुन्या रेकॉर्डी ऐकतो. गाणी नाही, फक्त वाद्यवृंद. (गाणी कुणीही ऐकतं, असं आमचे दातांचे डॉक्टर म्हणतात. ते मंडळाचे सभासद क्रमांक एक आहेत आणि हे दर शनिवारी सांगतात.) त्या 'पुला'त व्हायोलिनं चढत चढत वर जातात, आणि ती थांबायच्या आतच एक क्लॅरिनेट हळूच आत येतो. त्या जागेवर मी बेचाळीस पानी पुस्तिका लिहिली आहे, 'साहेबांच्या संगीतातील घाई: एक चिंतन'. क्लॅरिनेट म्हणजे त्या बाईचं मन, ते तिच्याआधी पैलतीरी पोहोचतं, असा माझा सिद्धांत. डॉक्टरांच्या मते तो मागे राहिलेला नवरा. शाळेच्या ग्रंथपाल बाईंच्या मते ती नदी. या मतभेदावरून आम्ही लागोपाठ तीन शनिवार एकमेकांशी न बोलता ऐकलंय.

यंदा साहेबांना चौऱ्याऐंशी पूर्ण झाली म्हणून आम्ही एकतीस वादक जमवले, शाळेचं सभागृह घेतलं आणि 'पूल' प्रत्यक्ष वाजवायचा घाट घातला. येत्या रविवारी कार्यक्रम आहे. परवा तालमीला साहेब स्वतः आले. मी पुस्तिका दिली. त्यांनी भिंग लावून बराच वेळ वाचली, मग म्हणाले, "कुठली घाई?" मला वाटलं, मोठी माणसं अशीच बोलतात. डॉक्टरांनी रेकॉर्डवरून सगळं नोटेशन उतरवून घेतलं होतं, तो क्लॅरिनेट अगदी जिथल्या तिथे. वाजवायला सुरुवात झाली, आणि नेमक्या त्या जागी साहेबांनी हात वर केला. म्हणाले, क्लॅरिनेट इथे चुकलाय, मी असं लिहिलं नव्हतं. व्हायोलिनं संपल्यावर चार मात्रा रिकाम्या, मग त्याने यायचं.

मामा, माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय ते मला परवा कळलं. दातांच्या डॉक्टरांची दातखीळ बसली. ती सुटल्यावर त्यांनी जे केलं ते सांगायलाही लाज वाटते. त्यांनी साहेबांना समजावलं की साहेबांची आठवण दगा देतेय, आणि आम्ही ही जागा तीस वर्षं ऐकतोय. (आम्ही बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही.) साहेबांनी शांतपणे पिशवीतून मूळ वही काढली. त्यात चार रिकाम्या मात्रा निळ्या पेन्सिलीने स्वच्छ काढलेल्या होत्या. बाईंनी हळूच विचारलं, त्या शांततेचा अर्थ काय होता? साहेब म्हणाले, अर्थ कसला, तिथं मला काही सुचलंच नव्हतं म्हणून मोकळी सोडली. माझी बेचाळीस पानं तेव्हा त्यांच्या मांडीवर उघडी होती. मी ती हळूच मिटली.

मग त्यांनी सांगितलं की मूळ रेकॉर्डिंगला क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला सगळे 'घड्याळ' म्हणायचे. तो कधी चुकत नसे, बाकीचे त्याच्याकडे बघून मात्रा मोजायचे. तो त्या एकाच दिवशी, त्या एकाच जागी, चार मात्रा आधी आला. स्टुडिओ अजून अर्धा तास हाताशी होता, पुन्हा घेता आलं असतं. साहेब म्हणाले, नको, हेच ठेवा. आणि ते त्याला सांगायला वळले तर खुर्ची रिकामी. तो मागच्या दाराने निघून गेला होता. टपालाने राजीनामा आला. साहेबांनी दोन पत्रं धाडली, दोन्ही परत आली. बोलता बोलता त्यांनी वहीतून वादकांचा जुना फोटो काढून माझ्या हातात दिला, चष्मेवाल्याची नजर तीक्ष्ण असते म्हणून.

दुसऱ्या रांगेत तुम्ही होता. केस असलेले मामा मी पहिल्यांदाच पाहिले, त्यामुळे चेहरा लगेच ओळखू आला नाही, पण चष्मा ओळखला. त्या काळ्या फ्रेमची डावी काडी मी स्वतः दोनदा बदलून दिली आहे. मांडीवर तुमच्या सवयीप्रमाणे चौघडी घातलेला रुमालही होता. मामा, तुम्ही पूर्वी काहीतरी वाजवायचात एवढंच आम्हा भाच्यांना माहीत होतं. काय, कुठे, कुणाकडे, हे चाळीस वर्षांत आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. मी साहेबांच्या तिसऱ्या व्हायोलिनवाल्याचं गाव सांगू शकतो, आणि माझा मामा क्लॅरिनेट वाजवायचा हे मला एका फोटोवरून कळलं. हा धक्का अजून ओसरलेला नाही. काल मी एका शिक्षिकेला भटजींचा चष्मा दिला आणि ती तो घालून निघूनही गेली.

फोटोतला माणूस माझा मामा आहे, असं मी सांगितल्यावर साहेबांनी फोटो परत घेऊन भिंगाखाली धरला. मग म्हणाले, "चाळीस वर्षं लोक त्या जागेसाठी माझ्या पाया पडतायत, आणि मी पडू देतोय." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्यानंतर साहेबांनी हट्ट धरला की रविवारी रेकॉर्डवर आहे तसंच वाजलं पाहिजे. आमचा क्लॅरिनेटवाला चांगला शिकलेला आहे. त्याने अकरा वेळा चार मात्रा आधी येऊन दाखवलं. साहेब प्रत्येक वेळी मान हलवायचे. डॉक्टरांनी त्याला दचकवण्यासाठी मागून टाळी वाजवून पाहिली. बाईंनी खुर्ची ओढून पाहिली. शेवटी साहेब म्हणाले, "हा मोजून लवकर येतोय. घड्याळ मोजायचंच विसरला होता. तो माझी व्हायोलिनं ऐकत बसला होता." आणि डॉक्टरांकडे बघून म्हणाले, की तुमचा सभासद क्रमांक एक कोण ते आता लिहून घ्या.

मामा, तुम्ही सिनेमाच्या संगीताला तुच्छ मानत नव्हता. तुम्ही ते आमच्या सगळ्यांच्या आधी ऐकलंत, आणि आपण ते बिघडवलं असं समजून आयुष्यभर ताटावरून उठत राहिलात. आणि मी काय बोललो? मला माफ करा. यापेक्षा चांगलं वाक्य मला सुचत नाही, आणि बेचाळीस पानं लिहिणाऱ्याला ते सुचू नये हे योग्यच आहे.

तुमचा
भाचा

ता. क. माफी मनापासून आहे, पण निव्वळ माफीसाठी एवढं लांबण लावलं असं समजू नये. रविवारी तुम्ही ती खुर्ची घ्याल का? साहेब म्हणतात, घड्याळ नसेल तर मी समोर उभा राहणार नाही. क्लॅरिनेट तुमच्या कपाटावर आहे असं ताई म्हणते. (तिने गेल्या महिन्यात तो परस्पर दुरुस्त करून आणला. का, ते तिलाच विचारा. तुम्ही त्याची पेटी काढून नुसती पुसत बसता, म्हणाली.)

ता. क. २. डॉक्टरांनी सभासद क्रमांक दोन मान्य केला आहे. वरचे दात स्वतःचे आहेत की कवळी, ते कळवायला सांगितलंय. कवळी असेल तर फुंकताना हलू नये म्हणून ते स्वतः बसवून देतील.

ता. क. ३. हे पेन्सिलीने, गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहितोय. पत्र टपालात टाकायचं होतं, पण साहेब म्हणाले, टपालाचा अनुभव आहे मला. सकाळी आठला निघालो, आता तुमच्या इमारतीखाली उभे आहोत. ताई खाली आली आहे, तिच्याच हाती हे वर पाठवतो. तुम्ही निवांत वाचावं, विचार करावा, खिडकीतून हो किंवा नाही सांगावं आणि मग साहेबांना वर आणावं, असं आमचं ठरलं होतं. पण मागे वळून बघतो तर गाडीत साहेब नाहीत. त्यांच्या काठीचा आवाज जिन्यातून येतोय. मामा, हे वाचत बसू नका. दार उघडा.