पट्टेरी पायांच्या गोचिडी

९ मे
वही देताना स्नेझानाबाईंनी बजावलं होतं, रोज लिही. आज आठवा दिवस, पहिलं पान. कंटाळा केला, दुसरं काय!

बाई जनावरांच्या डॉक्टर, मी त्यांचा मदतनीस. काम मजेचं आहे. मेंढपाळ मेतोदीकाका मेंढ्यांवरच्या, शिकारी रानडुकरांवरच्या, गावातल्या बाया कुत्र्यांवरच्या गोचिडी काढून आणतात. मी त्या कुपीत भरतो, वर तारीख, जनावर, जागा. पट्टेरी पायांची परकी जात कुठवर पोचली ते बघायचंय. तिच्या रक्तातला ताप माणसाला लागला तर माणूस रक्त ओकून मरतो, म्हणून हातमोजे.

राहतो काकाकडेच. दही असं की चमचा उभा राहावा. मागच्या साली द्राक्षं तोडत होतो, तिथला मुकादम तर... असो.

१३ मे
मेंढ्यांची कातरणी. इथली रीत अशी की लोकरीत सापडलेली गोचीड अंगठ्यांच्या नखांत चिरडायची, टचकन, आणि रकियाचा, म्हणजे फळांच्या कडक दारूचा, एक घोट घ्यायचा. मी कुपी पुढे केली तर सगळे खो खो हसले. काका म्हणाला, मोजे काढ रे राजकन्ये, मेंढीला लाज वाटतेय. काढले. अकरा चिरडल्या. बोटाला कातर लागली होती. कुठलं रक्त कुणाचं ते कळेना.

१८ मे
काकाला ताप. दुपारी हिरड्यांतून रक्त. इस्पितळात नेला. बाईंनी मला विचारलं, तूही हातानं चिरडल्यास का? नाही म्हणालो. काम जाईल म्हणून.

२० मे
काका गेला. शवपेटी न उघडताच पुरला. मयताचे म्हणून उकडलेले गहू वाटले, मला चव लागली नाही. अंग तापलंय. बाईंना फोन करायला हवा. उद्या करतो.

२२ मे
ताप उतरला. दुखत काहीच नाही. बोटं बधिर.
शेजारची लिल्याना सूप घेऊन आली. दारातून माझ्या खाटेकडे बघून किंचाळली. मी तर खिडकीशी उभा होतो —

त्याच दिवशी
अंगणात बसलोय. या गोचिडी श्वासाच्या वासावर धावत येतात. आल्या. माझ्या बुटांवरून गेल्या, कुंपणाशी रडणाऱ्या लिल्यानाकडे. माझ्याकडे एकही —
तिला ओरडून सांगितलं, पळ. ऐकत नाही —
फाटक वाजलं. मेतोदीकाका आलाय. म्हणतोय, बसलास काय असा, चल, बाई तुझी पेटी घेऊन निघाल्यात, त्यांनी खिळे ठोकायच्या आत —