खोली नंबर तीनमधला महोत्सव

तीर्थरूप भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत उत्तम असेल आणि आजची रक्तदाबाची गोळी घेऊन झाली असेल, असं धरून चालतो. (झाली नसेल तर आधी घ्या. पत्र कुठे पळून जात नाही.) तुम्ही दोघं जिच्या मदतीला गेला आहात, त्या थोरलीचं बाळ आता मान धरायला लागलं असेल. ताईची कंबर कशी आहे? इकडे सगळं ठीक आहे. तुमचे बटाटेही ठीक आहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मधेच बोलता, आणि तुम्ही बोलायला लागलात की माझं वाक्य कुठून निघालं होतं तेच मला आठवत नाही. पत्रात ती भीती नाही.

तर आपल्या धाकटीने, म्हणजे माझ्या लाडक्या भाचीने, एक सिनेमा केलाय. बावीस मिनिटांचा. (मागच्या सुट्टीत ती दोन महिने रोज तुमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जायची, तेव्हा ‘पोरगी धंद्यात लक्ष घालायला लागली’ असं तुम्ही सगळ्यांना सांगत होतात. लक्ष घालत होती हे खरंच, फक्त कॅमेऱ्यातून.) आमच्या ग्रंथपाल बाईंनी वाचनालयाच्या हॉलमध्ये हवामानबदलावरच्या चित्रपटांचा महोत्सव भरवला होता, आणि त्यात धाकटीचा सिनेमा निवडला गेला. परीक्षक म्हणून तीस वर्षं माहितीपट करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. पांढरे केस, बोलणं कमी, बघणं जास्त. त्यांच्यासमोर सिनेमा लागणार म्हणून धाकटी आठवडाभर धड जेवली नव्हती. ‘यांना नाही आवडला तर मी कॅमेरा विकून तुमच्या चष्म्याच्या दुकानात बसेन मामा,’ असं म्हणाली. माझ्या दुकानात बसणं ही शिक्षा कधीपासून झाली, हे मी त्या वेळी विचारलं नाही.

महोत्सवाच्या दिवशी दुपारी बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं. ‘तापलेली पृथ्वी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या फलकाखाली हॉलचा एसी बसला, मग पंखे बसले, आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या एका सिनेमाच्या मध्यावर, लाटा वर आलेल्या असताना, प्रोजेक्टरही बंद पडला. तो गरम झाला की स्वतःला बंद करून घेतो म्हणे. (ही सोय माणसात असती तर काय बहार होती.) पहिल्या रांगेतल्या आजोबांना घेरी आली. त्यांना पाणी पाजून रिक्षाने घरी पोचवलं. ग्रंथपाल बाई रडकुंडीला आल्या, महोत्सव इथेच संपला म्हणाल्या. धाकटी भिंतीला टेकून उभी होती, नुसती नखं खात होती. भाऊजी, तुम्ही तिला त्या अवस्थेत बघितलं असतंत तर तुम्हीही तेच केलं असतंत, जे मी केलं. माझ्या खिशात तुम्ही विश्वासाने ठेवायला दिलेली कोल्ड स्टोरेजची किल्ली होती.

तुमची खोली नंबर तीन रिकामीच होती. पंधरा दिवसांपूर्वी माल उचलला गेला, हे तुम्हाला माहीत आहेच. पण मशीन सगळ्या खोल्यांना एकच, त्यामुळे तिथेही चार डिग्री. चाळीस माणसं चालत नेली, प्रत्येकाला पांघरायला दोन-दोन रिकामी पोती दिली, पांढऱ्या भिंतीचा पडदा केला. उन्हातून आलेल्या प्रोजेक्टरच्या भिंगावर आत शिरताक्षणी धुकं जमलं. त्याबाबतीत मात्र मी तयारीचा माणूस. भिंगं पुसण्यात माझी पंचवीस वर्षं गेलीत. सात मिनिटांत चित्र स्वच्छ केलं. परीक्षक बाई पोतं खांद्यावर घेऊन बसल्या होत्या, त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती, पण चेहरा प्रसन्न होता.

सिनेमा सुरू झाला. विषय आपलंच कोल्ड स्टोरेज. पूर्वी मशीन दिवसातून किती तास विश्रांती घ्यायचं आणि आता उन्हाळा असा झालाय की ते थांबतच नाही, हे मशीन सांभाळणाऱ्या आपल्या मिस्त्रींच्या वहीवरून दाखवलंय. ते ठीक होतं. पण सगळ्यावर बासरी होती, आणि धाकटीचा घोगरा केलेला आवाज, ‘धरणीमाय हुंदके देत आहे...’ (लहानपणी खोकल्याचं औषध चुकवायला ती असाच आवाज काढायची.) आठव्या मिनिटाला परीक्षक बाई उठल्या. धाकटीचा चेहरा पडला. बाई दारापाशी गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, “हे उघडत नाहीये.”

मी गेलो. ढकललं. खांदा लावला. बाहेरची कडी आपोआप पडली होती, आणि आतून उघडायची जी मूठ असते ती गंजून घट्ट बसली होती. फोन लावावा तर त्या जाड भिंतींतून एकाच्याही फोनला रेंज नाही. माझी पाचावर धारण बसली. चाळीस माणसं, त्यातली निम्मी साठीच्या पुढची, अंगात उन्हाळी कपडे, आणि सगळ्यांना इथे आणणारा मी. कुणी दारावर बुक्क्या मारत होतं, पण त्या दाराला आतून मारलेली बुक्की म्हणजे उशीवर मारलेली. ग्रंथपाल बाईंनी लोकांना धीर देण्यासाठी वितळणाऱ्या हिमनद्यांवर बोलायला सुरुवात केली. एक गृहस्थ ओरडले, “अहो, इथे काहीतरी वितळू दे आधी!” कुणी हसलं नाही. एका बाईंनी नवऱ्याचा हात धरून रडायला सुरुवात केली, तेव्हा मी माझी दोन्ही पोती त्यांच्या अंगावर टाकली.

आणि एकदम धाकटी ओरडली, “मिस्त्रीकाकांनी सांगितलं होतं! मी तो शॉटच कापला!” ती मागच्या कोपऱ्यात धावली, फळ्या ओढल्या. त्यामागे पाणी निचरायचा जुना लोखंडी पाइप. ती धापा टाकत सांगू लागली, की आत अडकलात तर याच्यावर तीन ठोके द्यायचे, पलीकडे मशीनघरात मिस्त्रीकाकांची खुर्ची त्याला टेकलेली असते, कानांनी त्यांना ऐकू येत नाही पण पाठीला कळतं. मारायला काहीतरी हवं होतं. ग्रंथपाल बाईंच्या पिशवीत पहिल्या बक्षिसाचं पितळी मानचिन्ह होतं. धाकटीने ते घेतलं आणि तीन ठोके दिले. थांबली. परत तीन. तिसऱ्या खेपेला मानचिन्हाचा वरचा पृथ्वीचा गोळा चेपला.

मग दार उघडलं. दारात मिस्त्री, एका हातात हातोडा, दुसऱ्या हाताने पाठ चोळत. आत पोती पांघरलेली चाळीस माणसं बघून ते म्हणाले, “बटाटे बरे, इतका आवाज करत नाहीत.” भाऊजी, माझा जीव असा भांड्यात पडला की त्याचा आवाज तुम्हाला तिथे ऐकू आला असेल. बाहेरची गरम झुळूक अंगावर आली आणि तासाभरापूर्वी उन्हाला नावं ठेवणारे सगळे त्याच उन्हात हात पसरून, डोळे मिटून उभे राहिले. कुणाला सर्दीपलीकडे काही झालं नाही. रडणाऱ्या बाई तर मिस्त्रींच्या पाया पडायला निघाल्या होत्या. ते लाजून मशीनघरात पळाले.

परीक्षक बाईंनी धाकटीला बाजूला बोलावलं. मी जवळच होतो. (मुद्दाम नव्हे. जरा मुद्दाम.) त्यांनी विचारलं, “तो शॉट का कापलास?” धाकटी म्हणाली, “त्यात काका हसत होते, कान कोरत होते. विषयाचं गांभीर्य जात होतं.” बाई म्हणाल्या, “अगं, धरणीमायच्या हुंदक्यांनी मला झोप येत होती. त्या पाइपने मला बाहेर काढलं. माणसं अडकली आहेत हे सगळे सिनेमे सांगतात. ठोका कुठे द्यायचा ते कुणी दाखवत नाही. तो शॉट परत घाल. बासरी काढ.” बक्षीस बेडकांवरच्या सिनेमाला गेलं, चेपलेल्या गोळ्यासकट. धाकटी घरी येऊन तीन पोळ्या जेवली आणि तेरा तास झोपली. मला वाटतं, कॅमेरा आता विकला जात नाही. आतली मूठ त्याच दिवशी बदलून घेतली आणि सगळ्या खोल्यांत घंटाही बसवली.

थोरलीला आणि जावईबापूंना आशीर्वाद, बाळाला गालगुच्चा.

तुमचा आज्ञाधारक (एकदाच नसलेला),
मेहुणा

ता. क. सोबत एक कागद आहे. नव्याने जोडलेला सिनेमा परीक्षक बाईंनी एका मोठ्या महोत्सवाला पाठवलाय, आणि ‘चित्रीकरणास जागामालकाची हरकत नाही’ अशी तुमची सही त्यांना याच आठवड्यात हवी आहे. खाली उजवीकडे. त्यासाठीच हे पत्र.

ता. ता. क. सिनेमात शेवटी तुम्हीही आहात. तुमच्या नकळत टिपलेलं आहे. तुम्ही पहाटे खोलीत एकटेच शिरता, थंडीने कुडकुडता, आणि बटाट्यांच्या एका पोत्यावर हात ठेवून ‘झोपा आता’ म्हणता. वीस सेकंद. आतापर्यंत ज्यांना ज्यांना दाखवला, त्यांच्यात तिथे हमखास कुणीतरी नाक ओढतं. धाकटीला तो शॉट कापायला मी सांगितलं होतं, ती ऐकत नाही.

ता. ता. ता. क. ताईला हे सगळं पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पत्रही तिच्याच नावाने पाठवतोय. ती म्हणाली, ‘आधी नाही म्हणतील, मग चष्मा मागतील, तेव्हा पेन पुढे करायचं असं मी ठरवलंय.’ तेव्हा भाऊजी, पेन समोरच असेल.