तुमच्या नावाची कळशी

अहो,

सप्रेम जयभीम.

तुम्ही हे जग सोडून गेल्यापासून तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, कागदावर आज पहिल्यांदाच बोलते आहे. काम तसंच निघालं आहे. येलदरी धरणावरचं काम सोडून निघताना सोबत्यांनी तुम्हाला पितळी कळशी दिली होती ना, तुमचं नाव कोरलेली? ती उद्या भट्टीत घालायची आहे. तुम्हाला न विचारता कशी घालू?

घाबरू नका, घरात खायला आहे. पितळ मागतोय तो तुमचा लेथ, लोखंड कातायचं तुमचं लाडकं मशीन!

तो पुढच्या खोलीत आहे तिथंच आहे आणि आपली सुनंदा चालवते. इतर पोरी मॅट्रिक झाल्यावर शिवण शिकतात, ही लोखंड कातते. पंपाचे शाफ्ट, इंजिनाचे बुश, काय काय येतं. भाऊजींना ते बघवत नाही. "वैनी, पोरीच्या जातीनं लोखंड कातायचं असतंय व्हय? लेथला पाथरीचं गिऱ्हाईक हाय, देऊन टाका," असं आले की म्हणतात. मी चहा देते आणि कामाला लागते.

अडलंय ते स्टेडीपाशी. लांब शाफ्ट फिरताना थरथरू नये म्हणून त्याला मधेच तीन बाजूंनी धरणारी ती कडी, तुम्ही जुन्या इंजिनाच्या लोखंडातून केलेली. तिची पितळी बोटं झिजली. सुनंदानं मोडीच्या दुकानातलं पितळ आणून नवी ओतली. त्यात कसलासा कडक खडा निघाला आणि पेडगावच्या शेतकऱ्याच्या शाफ्टावर हा एवढा चरा पडला. माणूस भला, पण तोही बोललाच: "ताई, आणखी एक डाव असं झालं तर मी नांदेड गाठतो. रान वाळायलंय माझं."

भाऊजी तिथंच बसलेले. आणि मी! मलाही काय अवदसा आठवली कोण जाणे. रागाच्या भरात भाऊजींना बोलून गेले, "पुन्हा बिघडलं तर घेऊन जा तो लेथ पाथरीला." सुनंदानं नुसतं माझ्याकडे बघितलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि लेथ पुसायला लागली.

तुमच्या त्या मशीनचे लाड काय थोडे होते? लोखंडाचा चुरा पडायला तेलाच्या डब्याचा ट्रे. दिव्याला सायकलच्या नळीचा वाकता हात. टूल नेमक्या जागी थांबावं म्हणून खुंटी. शेजारच्या शांताबाई म्हणायच्या, "बायकोला एक मणी न्हाई अन् मशिनीला रोज नवा दागिना!" मी हसायचे. खरं सांगू? तेव्हा आतून लागायचंही.

कारण ते दागिने माझ्याच भांड्यांतून व्हायचे. परात गेली नटात, तांब्या गेला बुशात, मामानं दिलेलं घंगाळ गेलं स्टेडीच्या बोटांत. प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी माझं नाव. मी म्हणायचे, मोडीत मिळत नाही का पितळ? तुमचं ठरलेलं उत्तर: "मोडीचा भरवसा न्हाई. तुझ्या घरचं पितळ लय खरं हाय." कौतुक होतं की लुबाडणं, मला कधी कळलंच नाही.

आणि ती भांडी मी कशी आणली होती, आठवतं? नामांतराच्या दंगलीत गावाकडचं घर पेटलं, तेव्हा पोरीला पाठीशी बांधून मी भांड्यांचं पोतं ओढत बाहेर काढलं. तुम्ही लेथचा चक, काम पकडणारा तो लोखंडी जबडा, उराशी धरून पळत होतात. छप्पर गेलं, धान्य गेलं. पुढे राखेतून लेथ काढून तुम्ही बैलगाडीत घालून परभणीला आणलात आणि पुन्हा उभा केलात. सगळी गल्ली तुम्हाला वाखाणत होती. माझं पोतं कुणी विचारलं नाही. लोकांनी जाळून जे उरलं, ते तुम्ही वितळवलंत! असं लिहू नये, कळतं मला. पण तुमच्याशी नाही तर कुणाशी भांडू?

तुमची कळशीही त्याच पोत्यातून आली, पण इथल्या फळीवरून ती कधी हलली नाही. का हो? माझ्या नावाची एकेक वस्तू मुशीत जाताना तुमची नजर एकदाही तिच्याकडे गेली नाही?

आज मी ती खाली काढली. घरात दुसरं पितळ राहिलेलं नाही. ती चिंचेनं घासता घासता हे सगळं मी सुनंदापुढे ओकले. ती लेथला तेल घालत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, बाबाला बी वाटलं असंल, आपलं नाव कुठंतरी ऱ्हावं."

मी कळशी फिरवून तुमचं नाव वाचलं.

विद्यापीठाला एक नाव मिळावं म्हणून घर जळालेलं बघणारा माणूस तुम्ही. स्वतःचं नाव त्या कळशीवरच तेवढं होतं. दारावर पाटी नाही, सातबारा नाही. हे मला इतकी वर्षं सुचलं नाही. सुचलं असतं तर मी भांडले नसते, असं मात्र म्हणणार नाही. भांडलेच असते. माझंही नाव होतं ना!

"मग नगं घालू कळशी?" मी विचारलं.

"पेडगावचा शाफ्ट उद्याच द्यायचाय आई," एवढंच म्हणाली ती. कळशीचे मुशीत मावतील एवढे तुकडे करायला तिनं छिन्नी आणि हातोडा काढून ओट्यावर ठेवला. मग माझ्या हातातली कळशी घेऊन तिनं नाव भिंतीकडे करून ठेवली.

तेव्हा एक वचन देते. लेथ पाथरीला जाणार नाही. भाऊजींना मी माझ्या तोंडानं सांगीन की माझा शब्द मी परत घेतला. ते रागावतील, रागावू देत. आणि उद्या सकाळी सुनंदाला कोळसा आणायला बाजारात पाठवीन. ती गेली की छिन्नी मी धरीन. नाव आहे तिथूनच सुरुवात करीन, नाहीतर पुढे माझा धीर व्हायचा नाही. बापाच्या नावावर लेकीला घाव घालू देणार नाही. ती परत येईल तेव्हा तिच्या हाती पडेल ते नुसतं पितळ असेल.

तुमची,
कौसल्या