पाच म्हणायच्या आधी

प्रिय ठकू,

दर रविवारी फोनवर तुझं डोकं खाणारी आत्या अचानक कागद-पेन घेऊन का बसली, असं वाटेल. घाबरू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, दात अजून सगळे माझेच आहेत. विषय तुझ्या इंटरनेटवरच्या पाठांचा आहे. गणिताच्या त्या बेचाळीस पाठांतून तू स्वतःचा आवाज काढलास, यंत्राचा घातलास, आणि जुने पाठ येत्या एक तारखेला कायमचे काढून टाकणार, असं तिथे लिहिलंस. ते काढू नकोस, हे सांगायला हे पत्र. एवढंच होतं तर एका ओळीत कळवायचं, असं म्हणशील. पण एका ओळीत कळवलं असतं तर तू एका शब्दात नाही म्हणून मोकळी झाली असतीस. तुला मी काय आज ओळखते?

आधी माझी चोरी कबूल करते. तुझे पाठ मी गेले सहा-सात महिने माझ्या सहावीच्या वर्गात दाखवते आहे. तुला सांगितलं नाही, कारण कोणत्या तोंडाने सांगणार? तू कॅमेरा घेतलास तेव्हा खडू आणि फळा असला की गणिताला आणखी काही लागत नाही, असं म्हणून नाकाने कांदे सोलणारी मीच होते. आमच्या वर्गाच्या छताला प्रोजेक्टर तीन वर्षं लटकत होता आणि मी त्याचा उपयोग फक्त एकच केला होता. गडबड करणाऱ्या मुलांना त्याच्याखाली उभं करायचे. मग यंदा जुलैत माझा घसा बसला. डॉक्टरांनी दोन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही म्हणून बजावलं. घरात सगळ्यांना आनंद झाला, ते सोड. संगणकाच्या सरांनी विचारलं, तुमच्या भाचीचे पाठ आहेत ना, लावून देऊ का? मी मानेने हो म्हटलं. अडला हरी, दुसरं काय.

पहिला पाठ अपूर्णांकांच्या बेरजेचा लावला. भिंतीवर तू आलीस, चांगली दारापेक्षा उंच. निळा कुडता, आणि कॉलर नेहमीसारखी एका बाजूने दुमडलेली. हात पुढे करून सरळ करावीशी वाटली. कागदाच्या पट्टीला घड्या घालून आठ भाग केलेस, तीन भाग रंगवलेस, मग आणखी दोन. तीन अष्टमांश आणि दोन अष्टमांश मिळून झाले, म्हणालीस आणि थांबलीस. माझं तोंड उघडलंच होतं. जुनी सवय. पण घशातून हवेशिवाय काही येईना. तू पट्टी धरून उभी, आणि तुझ्याकडे बघत चाळीस मुलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, पाच अष्टमांश.

बोलणारी कोण होती म्हणतेस? आमची गोगलगाय. वर्गाने ठेवलेलं नाव, मी नाही. हजेरीला 'हजर' म्हणण्यापलीकडे त्या मुलीचा आवाज मी ऐकला नव्हता. विचारलं की मान खाली, कान लाल. तिने उत्तर दिलं आणि दुसऱ्याच क्षणी भिंतीवरून तू म्हणालीस, पाच अष्टमांश, बरोबर. वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. पोरीला वाटलं, तू तिलाच म्हणालीस. तिचा चेहरा काय फुलला, ठकू! मला वाटतं, अजूनही तिला थोडंसं तसंच वाटतं, आणि तिचा गैरसमज दूर करण्याइतकी मी दुष्ट नाही.

त्यानंतर तुझा पाठ म्हणजे सोहळाच झाला. तू थांबलीस की वर्ग बोलणार. चुकले तर आपापसात भांडणार, आणि निकाल तू भिंतीवरून देणार. तुला नाव पडलं भिंतीवरच्या बाई. मी ओघानेच खालच्या बाई झाले. घसा बरा झाला तरी पोरं मला पूर्वीसारखं बोलू देईनात. खालच्या बाई, तुम्ही थांबतच नाही, असं तोंडावर सांगितलं. बत्तीस वर्षं मी शिकवते आहे, पण प्रश्न विचारल्यावर एक श्वाससुद्धा थांबले नव्हते. मी विचारायचं, मीच सांगायचं, आणि मग हा वर्ग मिठाची गुळणी धरून बसतो म्हणून शिक्षकांच्या खोलीत बोंब मारायची. आता प्रश्न विचारला की मनात वीसपर्यंत मोजते. पहिले काही दिवस जीव जायचा. पण सोळा-सतराला कोणीतरी बोलतंच.

आमच्या वर्गात एक चौकस कार्टी आहे, माझ्यासारखी. तिने एक दिवस येऊन सांगितलं, बाई, भिंतीवरच्या बाई सगळी उत्तरं आपल्याला विचारत नाहीत. सात, नऊ, बारा त्या स्वतःच सांगतात. पाच, पाव, पंधरा आले की थांबतात. असं का? मी तिला जागेवर जाऊन बस म्हटलं. तुला मात्र खरं सांगायला हवं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. 'प' तुझा लहानपणापासूनचा वैरी. तू शिकवण्यासाठी थांबत नव्हतीस, शब्द अडकला होता. पाठ बनवताना ती जागा तुझ्या डोळ्यांत किती खुपली असेल, याची मला कल्पना आहे. पण ठकू, तू घामाघूम होऊन ज्या जागेतून बाहेर पडलीस ना, त्या जागेत माझी चाळीस मुलं जाऊन बसली आहेत.

तुझ्या पाठाखाली कुणीतरी लिहिलेला शेराही मी वाचला. बाई फार अडखळतात, वेग वाढवून बघा म्हणे. त्या शहाण्याचा कान माझ्या हाताला लागायला हवा होता. त्याच्यानंतर पंधरा दिवसांत नवे पाठ आले, तेव्हा दोन आणि दोन चार मलाही करता येतात.

गेल्या मंगळवारी नवा पाठ लावून पाहिला. एकोणीस मिनिटांचा पाठ अकरा मिनिटांत संपला. आवाज स्वच्छ, तेल घातल्यासारखा. तीन अष्टमांश आणि दोन अष्टमांश मिळून झाले पाच अष्टमांश, असं एका दमात म्हणून तो पुढे गेलासुद्धा. गोगलगायीचं तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. अकरा मिनिटांत वर्गात एकही आवाज नाही. घंटा झाल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली आणि माझ्याशी आजवरचं सर्वांत लांब वाक्य बोलली. भिंतीवरच्या बाई आमच्यावर रागावल्या का, म्हणून त्या आता आमच्यासाठी थांबत नाहीत? बाईंना विचारून सांगते म्हटलं. तेच विचारायला बसले आणि बघ, गाडी कुठे येऊन पोचली.

तुझी आई दवाखान्यात पाळ्या करायची आणि तू शाळा सुटली की माझ्याकडे यायचीस. दारात कुणी तुला नाव विचारलं की मी सांगायचे. दुकानात काय हवं ते मी सांगायचे. तू पहिलं अक्षर काढलंस की पुढचं वाक्य माझं. मला वाटायचं, पोरीचा त्रास वाचवते. माया होती गं, खोटी नव्हती. पण तुला बोलायला जागा म्हणून कधी ठेवलीच नाही. आणि मग तो दिवस. आमच्याच शाळेत तुझी मुलाखत, आणि गणिताची जुनी बाई म्हणून समोर मीही बसलेली. मोठ्या बाईंनी विचारलं, तुम्हाला शिकवायचं का आहे? तू मान वर केलीस, 'प' म्हणालीस आणि अडकलीस. मी तीन सेकंदसुद्धा दिले नाहीत. पहिल्यापासूनच तिला मुलांची फार आवड आहे, असं मी बोलून टाकलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि मान हलवलीस. तू गेल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण वर्गात आत्या कुठून आणणार? त्यानंतर तू एकाही शाळेत अर्ज केला नाहीस. बंद खोलीत कॅमेऱ्यासमोर शिकवू लागलीस, आणि नऊ वर्षं मी लोकांना सांगत राहिले की आमच्या ठकूला नव्या तंत्राची आवड.

माझं चुकलं, ठकू. हे मी फोनवर सांगू शकले नसते, कारण तू उत्तर द्यायला लागली असतीस आणि मी तेही पुरं करून टाकलं असतं. म्हणून पत्र. जुने पाठ ठेव, हे माझं आणि चाळीस मुलांचं मागणं आहे, पण पाठ तुझे आहेत आणि आवाजही तुझा, ठरवायचं तूच. सोमवारी दुसऱ्या तासाला सहावीचा वर्ग असतो. वाटलं तर भिंतीवरून उतरून खरीखुरी ये. कॉलर सरळ करेन, बाकी एक अक्षर बोलणार नाही. आणि मला एक सांग. नऊ वर्षं झाली, मला अजून माहीत नाही. त्या दिवशी तू 'प' म्हणालीस, त्याच्या पुढे काय होतं? सावकाश सांग. मी थांबते.

तुझीच,
खालच्या बाई, म्हणजे आत्या