इनॉकचे डावे गुलाब

ब्रॉन्स्टन,
३ फेब्रुवारी १९७४

ती. थर्झाताईस सायलसचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि भावजींचे जुने हातमोजे मिळाले. एकेका मोज्यात माझे दोन्ही हात जातात, पण कालव्यावरच्या लॉकच्या पाणी अडवणाऱ्या दरवाज्यांना ग्रीस लावायला झकास आहेत. सिरिलभावजींना म्हणावं, जेवण जरा आवरा.

आता मुद्द्याचं. काल पुलाजवळच्या पबात गेलो होतो. हल्ली तिथे तुळईला बोटींवरच्या रंगवलेल्या झाऱ्या, वाडगे, स्टुलं असं काय काय टांगून ठेवलंय. आपण ज्यातून पाणी प्यायलो त्यात वाळलेली फुलं खोचलीत. त्यातल्या एका झारीवरचे गुलाब डावीकडे वळलेले दिसले. ताई, बोटींवर गुलाब आणि किल्ले सगळेच रंगवायचे, पण डावखुरा आपला इनॉकदादा एकटाच. बाकीच्यांच्या पाकळ्या उजवीकडे उमलतात, त्याच्या डावीकडे. ही आपल्या 'लार्क' बोटीवरचीच झारी असेल, असं मनात आलं. कालवा गोठला होता त्या हिवाळ्यात, डेकवर बसून रंगवलेली. तुम्ही बोट सोडून घरात राहायला गेलात तेव्हा बाबा म्हणाले होते, भिंतीत नळ आहे, आता झारी कशाला, आणि भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवून दिली होती.

गर्दी फार होती. मालक हात लावू देईना. म्हणाला, आडवारी दुपारचा ये. आईला इतक्यात काही बोलू नकोस.

तुझं लक्ष माझ्याकडे असतंच, ते तसंच असू दे.

तुझा धाकटा,
सायलस

*

कॉव्हेंट्री,
९ फेब्रुवारी १९७४

चि. सायलस यास अ. उ. आ.

बोलू नकोस म्हणतोस, आणि पाकिटावर नाव दोघांचं घालतोस. सिरिलनं सकाळी चहाच्या टेबलावर तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. 'इनॉकदादा' म्हटल्याबरोबर आईनं हातातला टोस्ट खाली ठेवला. मी टेबलाखालून सिरिलला लाथ मारली, तर त्याला वाटलं मांजर आहे.

तुला लिहिणारच होते. आईचे डोळे फार बिघडलेत. उजवा गेल्यात जमा आहे. डाव्यानं खिडकीपाशी बसलं की थोडं दिसतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचा उपयोग नाही, उन्हाळ्यापर्यंत तोही जाईल. तिच्यासमोरच म्हणाले. तिनं बसच्या वेळेची चौकशी केली आणि उठली.

पण त्या दिवसापासून तिनं झारीचा ध्यास घेतलाय. म्हणते, पोराचा एक फोटो नाही. कधी काढणार होतो, सदा माल आणि घाई. बोट आणि लॉकची भिंत यांच्यात सापडून गेला, त्याला पुरलं तिथे दगडसुद्धा नाही. त्याच्या हातचं जगात काही असेल तर ते एवढंच. डोळे जायच्या आत एकदा बघू दे, मग जाईनात का.

तुला निरोप आहे की झारीच्या बुडाशी पोचा पडलेला असेल. तू लहानपणी लॉकच्या दगडावर आपटलीस तो. आणि बघताना चष्मा लावला होतास का, असंही विचारलंय.

सांभाळून राहा. छातीला गार वारा लागू देऊ नकोस. माझी माया आहे ती आहेच.

तुझी ताई,
थर्झा

*

ब्रॉन्स्टन,
१७ फेब्रुवारी १९७४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

चष्मा लावला होता. त्याचा उपयोग झाला नाही.

आडवारी गेलो. मालकानं शिडी दिली. वर चढून बघतो तर गुलाब उजवीकडे वळलेले, रंग नवा, बूड गुळगुळीत. खाली उतरून पुन्हा पाहिलं तर डावीकडे. मालक म्हणाला, अहो, तुम्ही आरशात बघताय. बारच्या मागे हा मोठा आरसा आहे. त्या दिवशी मी आरशाकडे तोंड करून बसलो होतो. दोघं-तिघं हसले. मीही हसलो, काय करणार.

पण माणूस चांगला निघाला. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला की मार्केट हार्बरोला पार्गेटर म्हणून निवृत्त दंतवैद्य आहेत. बोटींवरच्या रंगवलेल्या वस्तू जमवतात. कुठल्या गोदीत, कुणाच्या हातानं रंगवलं, ते ब्रशच्या फटकाऱ्यावरून सांगतात. डावा हात कुठे पाहिला असेल तर त्यांनीच. मी त्यांना लिहिलंय.

आईला आरशाचं सांगू नकोस. नुसतं ती नव्हती एवढंच सांग.

मला विसरू नका, एवढीच विनंती.

सायलस

*

कॉव्हेंट्री,
३ मार्च १९७४

चि. सायलस यास अ. उ. आ.

आरशाचं सांगावं लागलं. तिच्यापुढे खोटं बोलायचं तर आधी चेहरा बदलावा लागतो. ती फार हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, म्हणून तुला रागावत नाही.

पण हसून झाल्यावर विचारलं, दंतवैद्याकडे कधी जातोय. रोज विचारते. सकाळी खिडकीशी बसून समोरच्यांच्या दाराचा रंग मला सांगते. परवा हिरवा म्हणाली. बरोबर होतं. आज करडा म्हणाली. मी हो म्हटलं.

तेव्हा उत्तराची वाट बघत बसू नकोस. रजा काढ आणि जा.

वेळेवर जेवत जा.

थर्झा

*

ब्रॉन्स्टन,
११ मार्च १९७४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तू एकटीनं वाच. म्हणून फक्त तुझ्या नावानं पाठवलंय.

काल पार्गेटरांकडे जाऊन आलो. म्हातारा एकटाच असतो, खोल्याखोल्यांतून झाऱ्या, वाडगे, जाळीदार कडांच्या बशा, तपकिरी किटल्या. चहा दिला, बरोबर जवसाचा केक दिला. ही ओघळत्या पाकळ्यांची त्या अमुक गोदीची, हा लाल कळीचा तमक्या म्हाताऱ्याचा, असं प्रेमानं सांगत होते. मी डाव्या गुलाबांबद्दल विचारलं तसे एकदम उठले. म्हणाले, एक होती तशी. आणि कपाटातून आपली झारी काढली.

आपलीच, ताई. बुडाला माझा पोचा आहे. पट्ट्यावर 'लार्क' लिहिलंय. पण गुलाब उजवीकडे वळलेत.

झारी त्यांना एका शेतावर मिळाली. रंगाचे पोपडे निघाले होते. हा हात त्यांच्या माहितीतल्या कुठल्याच रंगाऱ्याशी जुळेना. त्यांना वाटलं, कुणीतरी नवशिक्यानं चुकून उलटे गुलाब काढलेत. मागच्याच वर्षी त्यांनी ती एका उत्तम कारागिराकडे दिली. त्यानं पत्र्यापर्यंत खरवडून सगळं नव्यानं रंगवलं, आणि गुलाब सुलटे करून दिले. नावाची अक्षरंसुद्धा नवी आहेत. आधीचा फोटो काढला होता का विचारलं. नाही म्हणाले, तेव्हा त्यात ठेवण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

मग मी इनॉकदादाचं सांगितलं. ते खुर्चीत बसून राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला नाही. शेवटी म्हणाले, ही तुमच्या आईला न्या, मला तोंड दाखवायला जागा नाही. मला रागवायचं होतं, पण त्या माणसावर रागावता येईना. माझ्या हातून खरवडली गेली असती तर मीही असाच बसलो असतो.

झारी भावजींच्या लॉरीतून पाठवतोय, गुरुवारी ते इकडून जाणार आहेत. माझं म्हणणं असं की आईला इनॉकची म्हणूनच द्यावी. पोचा खरा आहे, पत्रा खरा आहे, आणि तिला दिसतंय किती. पण तू मोठी आहेस, तू ठरव. मी यायला हवं होतं. आलो नाही, कारण तिच्यासमोर माझ्यानं ते झालं नसतं.

जमलं तर मनात राग ठेवू नकोस.

सायलस

*

कॉव्हेंट्री,
२८ एप्रिल १९७४

चि. सायलस यास अ. उ. आ.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे केलं. सिरिलनं झारी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं आधी बूड चाचपलं. पोचा अंगठ्याला लागला आणि तिचा चेहरा असा झाला की मी स्वयंपाकघरात निघून गेले. परत आले तेव्हा खिडकीशी उभी होती, झारी डोळ्याला टेकवून. मला विचारलं, थर्झा, गुलाब कुठल्या बाजूला आहेत गं. मी म्हटलं, डावीकडे. ती म्हणाली, हां, डावीकडेच. मला वाटलं, सुटलो.

दिवसभर तिथेच उभी असायची. उजेड हलला की तीही हलायची. तुकड्यातुकड्यानं सगळी झारी पाहून काढली. जेवायला हाक मारली तर म्हणायची, थांब, अजून किल्ला राहिलाय. शेजारच्या मिसेस गॅझींना बोलावून दाखवली, माझ्या मोठ्यानं केलीय म्हणून. त्या म्हणाल्या, कालच केल्यासारखी दिसते. आईला ते फार आवडलं.

ईस्टर झाल्यावर डोळा गेला. सकाळी उठली आणि पडदे उघडायला सांगितलं. उघडेच होते.

परवा मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, डोळे मिटले की मला गुलाब दिसतात, ते उजवीकडे वळलेले. मी विंचरत राहिले. ती म्हणाली, आधी असे नव्हते. बोट सोडल्यापासून इतकी वर्षं रोज निजताना मी ती झारी डोळ्यांपुढे आणायची, आपोआप यायची, डावे गुलाब, वाकडा किल्ला, सगळं. आता किल्ला सरळ येतो. जुनी आणायला जाते आणि हीच पुढे येऊन उभी राहते.

माझ्या हातातली फणी तशीच राहिली. मी खोटं बोलले का, हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, दोष कुणाचा नाही, मीच फार जवळून पाहिलं.

काल तिनं झारी कोळशाच्या खोलीत ठेवायला सांगितली. ठेवली. आता ती दिवसभर खुर्चीत असते. डोळे मिटत नाही. दिसत काहीच नाही, तरी उघडेच ठेवते. विचारलं तर म्हणते, मिटले की ते येतात.

पार्गेटरांना आणखी कुठे इनॉकच्या हातचं सापडलं, तरी आता आणू नकोस. दाखवणार कुणाला.

स्वतःला खात बसू नकोस. तुला एकट्याला दोष देऊन मला हलकं वाटणार नाही.

तुझी,
थर्झाताई

*

ब्रॉन्स्टन,
५ मे १९७४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. येत्या रविवारी येतो. तिच्याजवळ नुसता बसेन.

पार्गेटरांचंही पत्र आलंय. आपल्या संग्रहातल्या सगळ्या डागडुजी केलेल्या वस्तू ते आता पुन्हा तपासतायत, पण खरवडलेल्या पत्र्यावर तपासायला काही उरलेलं नाही, असं लिहितात. शेवटी भीतभीत विचारलंय, तुमच्या आईला झारी आवडली का.

मी लिहिलं, आवडली.

येताना आईसाठी पेपरमिंट आणतो. भेटीपर्यंत दोघींनी माझ्यावर लोभ असू द्यावा, ही विनंती.

सायलस