पातळी सव्वीस फूट

३ जुलै १९३४

आलो एकदाचा! लोणावळ्याला उतरलो तेव्हा ट्रंक, वळकटी आणि आईनं दिलेली लोणच्याची बरणी, तिन्ही शाबूत. पुढं दोन तास बैलगाडी आणि शेवटची चढण पायी. कारखान्याच्या बंधाऱ्यावर पाण्यावर नजर ठेवणारा कारकून म्हणून माझी नेमणूक झाली आहे. गावी इंदुरीत आई ही बातमी घरोघर सांगत सुटली असेल.

काम सोपं आहे. सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला पायऱ्या उतरायच्या, पाण्यात उभ्या केलेल्या मोजपट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि भिंतीवरच्या टेलिफोनचा दांडा फिरवून लोणावळ्याच्या कचेरीला कळवायचा. तीस फुटांवर लाल रेघ आहे. पाणी तिथं पोचलं की कचेरीची माणसं येऊन दरवाजे उघडतात. दरवाजांची किल्ली त्यांच्याकडे असते, माझ्याकडे नाही. रेघेच्या वर बांध जेमतेम तीन फूट, आणि बांधाखाली बावीस घरांची ठाकरवाडी. एवढी जबाबदारी मला आजवर कुणी दिली नव्हती. आईनं तर कधी दुधावर लक्ष ठेवायलाही बसवलं नाही!

५ जुलै

वाडीतली चिमाबाई दोन वेळा भाकरी आणून देते. तिचा नवरा शिदू बांधावरचं गवत काढतो आणि माझ्या फाजील विनोदांना न समजताही हसतो, म्हणून मला फार आवडतो. चिमाबाई मात्र मी जेवून उठेपर्यंत हलत नाही. आज अर्धी भाकरी उरली तर तिचा चेहराच उतरला. म्हणाली, ‘ताटात टाकू नगा, भाऊ. आमाला बगवत न्हाई.’ पोट भरलं होतं, तरी खाल्ली.

धुकं दाट आहे. खिडकीतून पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. पातळी तेवीस.

९ जुलै

कपाटात गेल्या वर्षीची वही सापडली. माझ्या आधी इथं भिमाजी म्हणून कारकून होता. जूनमधलं अक्षर असं सुरेख की शाळेत भिंतीवर लावावं. जुलैअखेर ते बारीक होत गेलंय, श्रावणात तर डोळे ताणून वाचावं लागतं. आणि मग गंमत बघा. सकाळी सव्वीस, संध्याकाळी सव्वीस, असे सलग अकरा दिवस! मावळातल्या श्रावणात पाणी एक दिवस तरी जागच्या जागी राहील का? पठ्ठ्या अंथरुणातूनच आकडे लिहीत होता. मी पोट धरून हसलो.

बाराव्या दिवसाचं पान कोरं आहे. शिदूला विचारलं तर म्हणाला, ‘आसरांनी न्हेलं.’ साती आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. माणूस आवडला की त्या त्याला आत बोलावतात, अशी वाडीची समजूत. कचेरीच्या कागदात ‘पाय घसरून’ असं आहे. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला म्हणून तेवढी वाडी वाचली.

१७ जुलै

रोज पहाटे तीनला जाग येते आणि परत डोळा लागत नाही. बाहेर काही नसतं. छातीवर मात्र ओलं पोतं ठेवल्यासारखं वाटतं. आईला पत्र लिहिलं की मजेत आहे. शेवटी नेहमीसारखा एक विनोद लिहायचा होता, तासभर बसलो, सुचला नाही. लोणच्यालाही चव लागेना.

२२ जुलै

चिमाबाईनं पाण्याच्या काठी आसरांची ओटी भरली. हिरवा खण, नारळ. मला अंगारा लावला. ‘भिमाजीभाऊला बी आसंच झालतं. पयलं ताट ऱ्हायलं, मग आंगोळ ऱ्हायली.’ त्याच्यासाठीही तिनं ओटी भरली होती. त्यापलीकडे काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, असं सांगताना तिला रडू कोसळलं. मला रडू येत नाही. आलं असतं तर बरं वाटलं असतं.

२६ जुलै

शिदूनं हट्टानं लोणावळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. मुंबईची माणसं इथं हवापालटाला येतात, मग मी आता कुठं जावं, असं मी म्हणालो. डॉक्टर हसले नाहीत. झोप, जेवण, आंघोळ, सगळं विचारलं. पाण्याकडे बघून काय वाटतं, हेही विचारलं. बाटली दिली, दहा दिवसांनी बोलावलं.

मग म्हणाले की, जेवण बंद पडलं, कामाला उठवेनासं झालं किंवा आपण नसलो तर बरं असं मनात आलं, तर दहा दिवस थांबायचं नाही. तेव्हा ही बाटली पुरणार नाही. पुण्याच्या इस्पितळात राहावं लागेल, चोवीस तास माणसं जवळ लागतील. त्यातून माणसं बरी होऊन घरी जातात, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पाणी लाल रेघेला लागलं की काय करता, असं विचारलं. टेलिफोन, मी म्हणालो. स्वतः दरवाजे का उघडत नाही? किल्ली माझ्याकडे नसते. तसंच हे, ते म्हणाले. दवाखाना कचेरीला लागूनच आहे, एक निरोप पुरे.

पुण्याचं ते इस्पितळ म्हणजे वेड्यांचं. इंदुरीत कळलं तर बहिणीला कोण करून घेईल? मी जाणार नाही. मी काही भिमाजी नाही.

३१ जुलै

आज पायऱ्या उतरलो नाही. उठवेनासंच झालं. धुक्यात आकडा दिसलाही नसता. कालचाच सांगितला, सव्वीस. पलीकडून ‘ठीक’ म्हणाले. इतकं सोपं असतं ते.

२ ऑगस्ट

सव्वीस. सव्वीस.

बाटली तशीच आहे.

४ ऑगस्ट

सव्वीस. पाऊस थांबत नाही. ताट भरलेलं परत गेलं, कालही. शिदू सकाळपासून ओसरीवर बसून आहे. गवत काढायला आलो म्हणतो. एवढ्या पावसात कसलं गवत?

पायरीवर कुणीतरी आकडे वाचतंय. सव्वीस, सव्वीस. आवाज ओळखीचा आहे.

५ ऑगस्ट

भिमाजीची वही आणि माझी शेजारी ठेवली. अक्षर एकच. त्याच्यासारखं नाही — तेच. पान उलटलं तर कुठली कुणाची कळेना.

आवाजही ओळखला. माझा आहे.

मी नसलो तर चिमाबाईच्या दोन भाकरी वाचतील. बहिणीचं — हे मी लिहिलं? हेच ते डॉक्टरांचं तिसरं. जेवण गेलं, उठणं गेलं, आता हेही. तिन्ही झाली. भीती वाटते. फार भीती वाटते.

६ ऑगस्ट, सकाळ

शिदू पाणी बघून आला. ‘भाऊ, रेग बुडली. फूटभर वर गेलंय.’

मी सव्वीस सांगत राहिलो आणि पाणी वाडीच्या डोक्यावर —

कचेरी वाडीतल्या माणसाचं ऐकत नाही, आकडा कारकुनानंच सांगायचा. उठवत नव्हतं. शिदूनं बगलेत धरून उभं केलं. दांडा त्यानं फिरवला. मी एकतीस म्हणालो, आजवरचे खोटे होते हेही म्हणालो. पलीकडे आरडाओरडा झाला. आणखी काही सांगायचंय का, विचारलं. काही नाही म्हणालो. ठेवला.

दुपार

माणसं आली. दरवाजे उघडले. वाडी टेकडीवर गेली होती, पोरंबाळं सगळी शाबूत. पाणी उतरतंय. माणसं परत गेली. चिमाबाई हात जोडून गेली — मला! मला हात जोडले —

आवाज थांबला नाही. पाणी उतरलं तरी. आता पायरीवर नाही, उंबऱ्याशी आहे. चल म्हणतो. गोड बोलतो.

शिदू दारात आडवा बसलाय. डोळे तारवटलेत त्याचे, दोन दिवस झोपला नाही. तो झोपला की —

नाही. आत्ताच. टेलिफोनवर काय बोलायचं ते इथं लिहून घेतो, नाहीतर तोंडातून पुन्हा सव्वीसच निघेल. डॉक्टरांना बोलवा. पाण्याचं नाही, माझं सांगतोय. माझी रेघ बुडाली. पुण्याला न्या. किल्ली माझ्याकडे नाही. शिदू दांडा फिरवतोय —